पहिल्यांदा डिमसम खायला जाताय? काय मागवायचं, कसं खायचं, काय विचारायचं

चायनीज मुंबईकराला नवीन नाही. गल्लीच्या तोंडाशी लाल अक्षरांची गाडी, कढईखाली भडकलेला जाळ, ट्रिपल शेजवान आणि मंच्युरियन यांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. मंच्युरियन तर इथलंच. १९७५ च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं आणि चिकन मंच्युरियन जन्माला आलं, असं सांगतात. त्या चवीवर माझंही प्रेम आहे. पण तीच अपेक्षा घेऊन डिमसमच्या, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या छोट्या चिनी पदार्थांच्या, टेबलावर बसलं की जेवण फिकं वाटतं, बिल जड वाटतं आणि माणूस परत फिरकत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून खावं असं हे जेवण आहे. म्हणून पहिल्या खेपेसाठी क्रमाने सांगते.

जागा आणि वेळ

डिमसम दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताचं आणि हाँगकाँगचं. तिकडे सकाळपासून दुपारपर्यंत चहाच्या किटल्या रिकाम्या होत राहतात आणि सोबत बांबूच्या छोट्या टोपल्या येत राहतात. मुंबईत बहुतेक ठिकाणी डिमसम रात्रीही मिळतं, तरी पहिल्यांदा दुपारीच जा. सोबत दोन-तीन कप चहा होतो, तो रात्री दहाला झेपत नाही. शक्य असेल तर कामाच्या दिवसाची दुपार निवडा. रविवारी दुपारी गर्दीत वेटरला तुमच्या शंकांची उत्तरं द्यायला सवड नसते, आणि पहिल्या खेपेला शंकाच जास्त असतात. रविवारच जमत असेल तर आधी फोन करून टेबल राखून ठेवा, आणि त्याच फोनवर डिमसमचे सगळे प्रकार त्या वेळी मिळतात ना, हेही विचारून घ्या.

फोर्टला स्टर्लिंग सिनेमाच्या मागे रॉयल चायना आहे, सीएसएमटीहून चालत जाता येतं. बीकेसीत याउआचा आहे. लंडनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या या डिमसम घराची इथली शाखा २०११ ची. मेट्रो ३ सुरू झाल्यापासून तिकडे जाणं पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. कुलाब्यात रीगलच्या मागे लिंग्ज पॅव्हिलियन आहे, मुंबईतल्या चिनी कुटुंबाचं. तिथे मी डिमसमपेक्षा पूर्ण जेवणासाठी जाईन. मुंबईत चिनी लोक गोदीच्या आधाराने वसले. माझगावात त्यांचं सी यिप कून हे देऊळ १९१९ पासून उभं आहे. या स्वयंपाकाचा शहराशी संबंध कुठल्याही मॉलपेक्षा कितीतरी जुना आहे, एवढं ध्यानात राहू द्या.

एक सावधगिरी. ठरावीक पैशांत हवं तेवढं डिमसम देणाऱ्या योजना पहिल्यांदाच घेऊ नका. पैसे वसूल करायच्या नादात माणूस बाओवर बाओ (सारण भरून वाफवलेले मऊ पाव) खातो, पोट पिठानेच भरतं आणि कुठलीच चव नीट कळत नाही.

मेन्यू हातात आला की

डिमसमचा मेन्यू लांबलचक असतो. गोंधळू नका, आधी प्रकार ओळखा: वाफवलेले, तव्यावर भाजलेले, तळलेले, बाओ आणि तांदळाच्या पिठाच्या गुंडाळ्या. एका टोपलीत बहुधा तीन किंवा चार नग असतात. चार जण असाल आणि टोपली तीन नगांची असेल, तर एक नग वाढवून मिळेल का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी देतात.

आणि सगळं एकदम मागवू नका. एवढं एक पाळलंत तरी पुष्कळ झालं. आपली सवय अशी, की वेटर उभा राहिला की सुपापासून आइस्क्रीमपर्यंत सांगून मोकळं व्हायचं. मग सहा टोपल्या एकदम येतात, पहिली खाईपर्यंत बाकीच्या पाच गार होतात. चौघांसाठी आधी तीन टोपल्या आणि चहा एवढंच सांगा. त्या संपत आल्या की पुढच्या तीन. वेटरला सुरुवातीलाच सांगून ठेवा, "थोडं थोडं मागवणार आहोत." या ठिकाणी तसंच चालतं, त्यात त्याला वावगं वाटत नाही.

पहिल्या तीन टोपल्यांत हार गाव असायलाच हवं. हे कोळंबीचं डम्पलिंग, म्हणजे पातळ आवरणात सारण भरून वाफवलेला नग. वाफ ओसरेपर्यंत क्षणभर थांबा आणि आधी नीट बघा. आवरणातून कोळंबीचा गुलाबी रंग दिसला पाहिजे. हे आवरण मैद्याचं नसतं. गव्हाचा आणि टॅपिओकाचा स्टार्च एकत्र करून त्यावर उकळतं पाणी ओततात आणि ते पीठ गरम असतानाच मळतात. कुरडईचा चीक शिजत आला की पांढरेपणा जाऊन जशी चकाकी येते, तशी या आवरणाला वाफेवर येते. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर बारीक चुण्या. उचलताना ते फाटलं नाही, खालच्या कागदाला चिकटून राहिलं नाही, दाताखाली किंचित ताणलं गेलं आणि आतली कोळंबी कचकन तुटली, तर स्वयंपाकघर चांगल्या हातात आहे. कोळंबी पिठूळ लागली तर ती ताजी नाही किंवा वाफ जास्त झाली आहे. पहिला घास सॉसशिवाय घ्या. शेजवानची सवय असलेल्या जिभेला तो सौम्य लागेल, पण इथे मजा तिखटात नसून आवरणाच्या ताणात आणि कोळंबीच्या गोडसर चवीत असते. दुसऱ्या घासाला हवं तर चिली ऑइलचा थेंब लावा.

दुसरी टोपली शुमाईची. वरून उघडं, पिवळसर आवरणाचं, भरगच्च. मूळ सारण डुकराचं मांस आणि कोळंबी यांचं असतं. मुंबईत पुष्कळदा चिकन आणि कोळंबी घालतात. म्हणजे मेन्यूत नुसतं चिकन वाचून कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाने हात पुढे करू नये, आधी विचारावं.

तिसरी टोपली चाँग फनची. तांदळाच्या पातळ पिठाचा वाफवलेला पापुद्रा आणि आत गुंडाळलेलं सारण. वरून गोडसर सोया सॉस ओततात. मऊ पापुद्र्याच्या आत कुरकुरीत थर असलेला प्रकार मिळाला तर तोच घ्या. मुलांना हमखास आवडतो.

सध्या जवळजवळ प्रत्येक मेन्यूवर एडामामे (कोवळे हिरवे सोयाबीन) आणि ट्रफल (उग्र वासाची एक बुरशी) ऑइलचं डम्पलिंग दिसतं. चविष्ट असतं, शाकाहारीही असतं. पण ट्रफलचा वास इतका दांडगा की त्यानंतर हार गावची चव लागत नाही. ते वाफवलेल्यांत सगळ्यात शेवटी घ्या.

दुसऱ्या फेरीत एक बाओ आणि एक भाजलेला किंवा तळलेला प्रकार. चार सिउ बाओमध्ये गोडसर भाजलेलं डुकराचं मांस असतं, बऱ्याच ठिकाणी चिकनचाही मिळतो. बाओच्या बुडाशी चिकटलेला कागद आधी सोलून काढा. माझी खास शिफारस मुळ्याच्या केकची: किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ एकत्र वाफवतात, वड्या पाडतात आणि तव्यावर खरपूस भाजतात. मुळा न आवडणारी माणसंही दुसरी वडी उचलताना पाहिलीत. त्यात कधी सुका जवळा किंवा चिनी सॉसेज असतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. कमळाच्या पानातला चिकट भात आलाच तर पान उलगडून बाजूला ठेवायचं, खायचं नाही.

शाओलाँगबाओ हा प्रकार शांघायकडचा, पण डिमसमच्या मेन्यूवर हल्ली हमखास असतो. त्याच्या आत रस्सा असतो. घट्ट गोठवलेला रस्सा सारणात मिसळतात आणि वाफेवर तो वितळतो. अख्खा तोंडात टाकाल तर जीभ भाजेल, आणि मुलांच्या बाबतीत तर फारच जपा. चिनी मातीच्या चमच्यात तो अलगद ठेवा, कडेला छोटासा चावा घेऊन भोक पाडा, मिनिटभर वाफ जाऊ द्या, आधी रस्सा सुर्रकन ओढून घ्या आणि मग आल्याच्या बारीक कातरणीबरोबर काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून उरलेलं खा. वरच्या शेंडीला धरून उचला. मध्ये चिमटलं की आवरण फुटतं आणि रस्सा टोपलीत जातो.

चहा

चहा आधी मागवा. दूध नाही, साखर नाही. जस्मिन हलका आणि सुगंधी, वाफवलेल्या प्रकारांबरोबर छान. ऊलाँग थोडा भारदस्त. पु-अर काळसर, मातकट वासाचा, तळलेल्या आणि मांसाच्या पदार्थांवर उत्तम. शेवंतीच्या फुलांचा चहाही असतो, त्यात कॅफिन नसतं, म्हणून ज्येष्ठांसाठी तो बरा. किटली हातात असेल त्याने आधी इतरांचे कप भरायचे, स्वतःचा शेवटी. समोरचा आपल्या कपात चहा ओतत असेल तर बोलणं न थांबवता दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची, हे तिकडचं आभार मानणं. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायची रीत आहे. मुंबईत हे प्रत्येक वेटरला ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे सरळ हाक मारा. पुन्हा पाणी घालायचे वेगळे पैसे लागतात का, तेही विचारा.

चॉपस्टिक

खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून ठेवा. ती हलत नाही. वरची पेन धरतो तशी अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत धरा आणि फक्त तीच हलवा. बहुतेकांचं चुकतं ते दोन्ही काड्या हलवायला जातात म्हणून. टोकांपासून लांब, वरच्या बाजूला धरलं की पकड सैल पण नेमकी राहते. हार गावसारखा नाजूक नग दाबून न उचलता काड्या खालून सरकवून उचला.

काड्या भातात उभ्या खुपसून ठेवू नका. चीन-जपानमध्ये तशी मांडणी मृतांसाठी असते. काडीने दुसऱ्याच्या काडीत घास देणंही टाळा, जपानमध्ये अंत्यविधीत अस्थी तशा उचलून देतात. बाकी काटा मागायला संकोच नको. बाओ तर हातानेच चांगला खाल्ला जातो.

शाकाहारी, उपवासवाले, जैन पाहुणे

मराठी घरातले आठ जण जेवायला निघाले की एकाचा श्रावण असतो, एकीचा मार्गशीर्षातला गुरुवार असतो आणि एखाद्या मित्राला कांदा-लसूण चालत नाही. मेन्यूवरचा हिरवा ठिपका पाहून थांबू नका. नावात नसलेलं मांसाहारी सॉसमध्ये असतं. चिनी भाज्यांत ऑयस्टर सॉस, थाई पदार्थांत फिश सॉस, थाई करीच्या वाटणात सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट, जपानी मिसो सुपात माशाच्या तुकड्यांचा दाशी नावाचा रस्सा, कोरियन किमचीत (आंबवलेल्या कोबीत) पुन्हा मासळीचा सॉस. अनेक नूडल्समध्ये अंडं असतं. मशरूमपासून केलेला ऑयस्टर सॉस मिळतो, तो इथे वापरतात का, असं स्पष्ट विचारा. भाजीचं आणि मांसाचं डम्पलिंग एकाच भांड्यात एकावर एक टोपल्या रचून वाफवतात का आणि तळणीचं तेल एकच आहे का, हेही कडक पाळणाऱ्यांनी विचारावं. अशा रेस्टॉरंटांत वाढणारे बरेच जण ईशान्य भारत, दार्जिलिंग किंवा नेपाळकडचे असतात. हसून, शांतपणे, हिंदीत विचारलंत की ते आत जाऊन शेफला विचारून येतात. टेबल राखून ठेवतानाच हे सांगितलं तर आणखी उत्तम.

ज्या दिवशी सगळेच शाकाहारी असतील, त्या दिवशी फोर्टला बर्मा बर्माला जा. पूर्ण शाकाहारी ब्रह्मी जेवण आहे. नारळाच्या रश्श्यातलं नूडल्सचं खाऊ स्वे आणि आंबवलेल्या चहाच्या पानांचं सॅलड घ्याच. खाऊ स्वेबरोबर दाणे, तळलेला लसूण, लिंबू वेगवेगळं येतं. ते थोडं थोडं घालत, चाखत खा.

"अजिनोमोटो नको" हे आपलं पाठ वाक्य. तो एका कंपनीचा ब्रँड आहे. आतला पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट, आणि त्या चवीचं मूळ किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ साली शोधलं. टोमॅटोत नैसर्गिक ग्लुटामेट असतंच. नको असेल तर जरूर सांगा, फक्त तयार सॉसमध्ये ते आधीच असू शकतं. वाफवलेल्या डिमसमचं सारण सकाळीच कालवलेलं असतं, त्यातून ते वगळणं स्वयंपाकघराच्या हातात नसतं.

त्याच मेन्यूवरचे बाकीचे देश

मुंबईत चिनी, थाई, जपानी, कोरियन सगळं एकाच मेन्यूत सापडतं. पहिल्या दिवशी सगळीकडे हात घालू नका. डिमसमनंतर एकच मोठी डिश घ्या आणि ती वाटून खा.

थाई जेवण चमच्याने खातात, काट्याने चमच्यावर लोटायचं. टॉम यम या सुपातले गवती चहाचे तुकडे, गलांगलच्या (आल्यासारख्या कंदाच्या) चकत्या आणि कॅफिर लाइमची पानं सुगंधासाठी असतात, चावायची नाहीत. व्हिएतनामी फो या नूडल्स सुपात लिंबू, हिरवा पाला आणि मोड टेबलावर वेगळे येतात. आधी नुसता रस्सा चाखा, मग घाला. बिबिमबाप हा कोरियन भात सजवलेला येतो, पण खालपासून वर नीट कालवल्याशिवाय त्याला चव येत नाही. रामेन, म्हणजे जपानी रश्श्यातल्या नूडल्स, ओढताना आवाज झाला तरी चालतं, फक्त रस्सा डुकराच्या हाडांचा आहे की चिकनचा ते आधी विचारा. सुशीचा भात सोया सॉसमध्ये बुडवला तर तो विस्कटतो आणि खारट होतो, म्हणून माशाची बाजू बुडवा. गुलाबी आलं दोन घासांच्या मधे तोंड स्वच्छ करण्यासाठी असतं, सुशीवर ठेवायला नाही. वसाबी, ती झणझणीत हिरवी पेस्ट, मटारएवढीसुद्धा जास्त होते.

आणि मोमो? ते तिबेट-नेपाळकडचे, मैद्याच्या आवरणाचे, लाल चटणीबरोबर खायचे. मला अत्यंत प्रिय. पण हार गावशी त्यांची तुलना करू नका, दोघांवर अन्याय होतो.

बिल आणि उरलेलं

जाण्याआधी ऑनलाइन मेन्यू बघून हिशेब करा. समजा एक टोपली ६०० रुपयांची आणि चौघांत आठ टोपल्या घेतल्या: ४,८०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २४० रुपये, एकूण ५,०४०. चहा आणि मोठी डिश वेगळी. महागड्या पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी सहसा १८ टक्के असतो, तो फरक लक्षात ठेवा. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि ज्या वेटरने तुमच्या सगळ्या प्रश्नांसाठी चार वेळा आत-बाहेर केलं, त्याच्या हातात टिप जरूर ठेवा.

पार्सलचा विचार आधीच करा. पारदर्शक आवरणाचे नग गार झाले की रबरी होतात, मायक्रोवेव्हने आणखी बिघडतात. ते टेबलावरच संपवा, आणि याच कारणाने ते घरपोच मागवूही नका. बाओ आणि मुळ्याचा केक मात्र खुशाल बांधून घ्या. बाओ दुसऱ्या दिवशी चाळणीत कापड घालून पाचेक मिनिटं वाफवला की मऊ होतो, आणि केकच्या वड्या थोड्या तेलावर तव्यावर परतल्या की परत खरपूस होतात.